कौल शिरसावंद्य, अटी लागू

लोकसभेचा निकाल असेल त्या दिवशी सकाळी उठून पहिलं काम हे करा, मोबाईलमध्ये दोन मेसेज टाइप करून ठेवा. एक, "जनता जनार्दनाचा कौल शिरसावंद्य, लोकशाहीचा विजय असो", खाली जोडलेले हात. दुसरा, "या देशाचं काही होऊ शकत नाही". आठ वाजता मोजणी सुरू होते, आधी पोस्टल मतं, मग साडेआठच्या सुमारास मशीनं, म्हणजे साडेदहापर्यंत तुम्हाला कळतं की आज लोकशाहीवर श्रद्धा ठेवायची का नाही. घाई करायची नाही. आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर (ठाण्याच्या तलावपाळीला एक फेरी आणि दोन चहा) एका गृहस्थांनी ४ जून २०२४ ला पावणेनऊलाच पहिला मेसेज टाकला आणि बाराच्या आत डिलीट केला, तो डिलीट केल्याची राखाडी ओळ अजून ग्रुपवर आहे आणि आम्ही दर वाढदिवसाला ती वर काढतो.

मी राहतो घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. गेल्या तीस वर्षांतले सगळे निकाल मी टीव्हीसमोर बसून लावलेत असं आमची ही म्हणते. शिवाय हल्लीच मी स्वतः एका एकतर्फी निकालातून गेलोय, ते येईलच पुढे. तर सल्ला अनुभवाचा आहे आणि फुकट आहे, घ्या.

समजा तुमचा पक्ष आपटला. तर "मतदार" हा शब्द तिथल्या तिथे बंद करायचा. कालपर्यंत तो सुज्ञ मतदारराजा होता, आजपासून तो "ही लोकं". ही लोकं पाचशे रुपड्यांना विकली जातात, ही लोकं जात बघतात, ह्यांना फुकटचं रेशन पाहिजे. यात तुमचा सख्खा मेव्हणा पण येतो जो ऐरोलीला टू बीएचकेत राहतो आणि ज्याने रेशनचं दुकान रिक्षातून जाताना बघितलंय तेवढंच, पण त्याला हिशोबात धरू नका, रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचंय.

फक्त कोणी १९७७ चं नाव काढलं की लगेच चहा मागवा. कारण काय होतं, १९७१ च्या जनगणनेत देशात साक्षर होते ३४ टक्के, म्हणजे तुमच्या भाषेत सगळी अडाणी पब्लिक, आणि त्या पब्लिकने आणीबाणी उठता उठता खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींना रायबरेलीत राजनारायणांच्या हातून घरी बसवलं. त्यांना कोणी ग्रुपवर फॉरवर्ड पाठवले नव्हते. बरं, मग शहाणे म्हणावं तर तीनच वर्षांत, १९८० ला, त्याच पब्लिकने त्याच बाईंना ३५३ जागा देऊन परत आणलं. आता ७७ ला शहाणा आणि ८० ला येडा असा एकच माणूस तुम्हाला दाखवता येत असेल तर बघा. त्यात आपलं ठाणं अजून तिरपागडं, सगळा देश इंदिराबाईंकडे वळला तेव्हाही ठाण्याने जनता पक्षाच्या रामभाऊ म्हाळगींनाच पुन्हा दिल्लीला पाठवलं, म्हणजे लाटेत वाहून जातात म्हणायची पण सोय नाही ठेवली.

लोकांना थेट मूर्ख म्हणायला जीभ रेटत नसेल (काहींचे संस्कार आड येतात) तर मशीन आहेच. मशीनचं एक बरं असतं, ते उलटून बोलत नाही. नियम एवढाच लक्षात ठेवा की आपण जिंकलो तिथली मशीनं चांगली, आपण हरलो तिथली हॅक झालेली, आणि हे हॅकिंगवाले एवढे हुशार असतात की मधेमधे आपल्याला चार जागा सोडतात, संशय नको यायला म्हणून. यावर कोणी म्हणेल की मशीन यायच्या आधी काय करायचे हरलेले लोक? तेव्हा पण अडलं नव्हतं हो. १९७१ ला इंदिराबाईंना ३५२ जागा मिळाल्या आणि जनसंघाचे बलराज मधोक दक्षिण दिल्लीतून पडले, तर त्यांचं म्हणणं असं की मतपत्रिकेलाच केमिकल लावलेलं, आपण मारलेला शिक्का थोड्या वेळाने उडून जातो आणि इंदिराबाईंच्या गाय-वासरू चिन्हावर आधीच मारून ठेवलेला शिक्का वर येतो! प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. म्हणजे आज जे लोक म्हणतात मशीन नको कागद द्या, त्यांच्या आधी कागदावर पण बोंब झालेली आहे. २००९ ला भाजप हरला तेव्हा अडवाणी म्हणत होते मतपत्रिका परत आणा, नंतर हेच काँग्रेसवाले म्हणायला लागले. नाटक तेच, दुसरा संच.

आता खरोखरची शंका असेल तर सोयी आहेत, नाही असं नाही. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणारी, चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच मशीनच्या चिठ्ठ्या मोजून ताळा बघतात, एप्रिल २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराने सात दिवसांत लेखी मागितलं तर पाच टक्के मशीनं तपासून द्यायची, आणि निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात याचिका तर त्या मतदारसंघातल्या कुठल्याही उमेदवाराला टाकता येते, तिथल्या साध्या मतदाराला पण. पण तुम्ही या भानगडीत पडू नका. अर्ज करावा लागतो, पैसे भरावे लागतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नंतर उत्तर येतं. ग्रुपवरच्या शंकेला कधी उत्तर येत नाही म्हणून ती पाच वर्षं टिकते.

मग टक्केवारी. हे हत्यार हरल्यावरच काढायचं, जिंकल्यावर कपाटात. २०१४ ला भाजपला २८२ जागा, मतं ३१ टक्के, म्हणजे ६९ टक्के विरोधात! २०१९ ला ३०३ जागा, मतं ३७ टक्के, म्हणजे ६३ टक्के विरोधात! काय जबरदस्त वाटतं बोलायला. फक्त राजीव गांधींना १९८४ ला चारशेच्या वर जागा मिळाल्या तेव्हाही मतं निम्म्याला टेकली नव्हती, आणि लोकसभेला आजपर्यंत कुठल्याच पक्षाला एकट्याने निम्मी मतं मिळालेली नाहीत, अगदी नेहरूंना पण, हे समोरच्याने सांगितलं की "तो काळ वेगळा होता" म्हणायचं. जिथे सगळ्यात जास्त मतं मिळवणारा एक निवडून येतो तिथे असंच होणार, हे शाळेत नागरिकशास्त्राच्या वीस मार्कांत होतं. २०२४ ला बघा, भाजपची मतं जेमतेम टक्काभर कमी झाली आणि जागा ३०३ वरून २४० वर आल्या. त्या दिवशी मजा अशी की जिंकलेले सुतकात होते आणि हरलेले पेढे वाटत होते, आमच्या इथे मिठाईवाल्याने विचारलं, नक्की कोण जिंकलंय, बिल कोणाच्या नावावर फाडू.

हे झालं हरलेल्यांचं. तुम्ही जिंकला असाल तर काम अजून सोपं. जनतेने कौल दिलाय या एका वाक्यावर पाच वर्षं निघतात. कोणी म्हणालं गायमुखच्या घाटात दोन तास अडकलो, जनतेने कौल दिलाय. कोणी म्हणालं या महिन्यात टँकरचं बिल फ्लॅटमागे वाढून आलं, जनतेने कौल दिलाय, तुझं पोट का दुखतंय. प्रश्न विचारणारा पण मतदारच आहे आणि त्याने दिलेलं मतसुद्धा त्याच मशीनमधून मोजून आलंय, असले बारकावे काढायचे नाहीत. एक तर मत देताना तो बटण एकच दाबतो, त्यात घाटातला खड्डा मान्य आहे का असा वेगळा कॉलम नसतो, मग आपण सोयीने मान्य आहे असंच धरायचं ना.

आणि जिंकूनसुद्धा एखाद्या गावाने तुमचं ऐकलं नाही तर? तर त्या गावाला सोडायचं नाही. अयोध्या ज्या मतदारसंघात येते त्या फैजाबादने २०२४ ला समाजवादी पक्षाचे अवधेश प्रसाद निवडून दिले, मंदिराचं उद्घाटन होऊन सहा महिने व्हायचे होते. झालं, काल-परवापर्यंत प्रभूंच्या नगरीतले भाग्यवान भक्त असलेले लोक चार तासांत कृतघ्न ठरले. तिथे गेलात तर पाण्याची बाटली पण विकत घेऊ नका, घरून न्या, असे मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आले, आणि ते टाकणाऱ्याने आदल्याच आठवड्यात "मतदारांचा अपमान सहन केला जाणार नाही" टाकलेलं. मला वाटतं माणसाने मत गुप्त ठेवायची पद्धत ज्याने काढली त्याला असला शेजार असणार.

मतदान करायलाच पाहिजे असं काही नाही, हा एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. आपल्याकडे २० मे २०२४ ला सोमवार होता, शनिवार रविवार जोडून आलेला, ठाण्यात मतदान झालं ५२ टक्क्यांच्या आसपास. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग शुक्रवारी रात्रीच रिकामं झालं होतं. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी त्या दिवशी दुपारी दीडला आल्या, घामाने चिंब, लोकमान्य नगरातल्या शाळेत अडीच तास रांग, वर पत्रा आणि पंखा बंद. मी विचारलं, "मावशी, कोणाला दिलंत?" पोळपाट पुसत म्हणाल्या, "दिलं की. तुमी गेलता का?" मी म्हटलं उन्हाचा त्रास होतो हो, संध्याकाळी जाईन. त्यांनी काही म्हटलं नाही, पीठ मळायला घेतलं. बोटावरची शाई ताजी होती म्हणून ते एक बोट वर धरून मळत होत्या. संध्याकाळी मी गेलो, खरंच गेलो, पावणेसहाला. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की जे अलिबागला गेले होते त्यांनीच निकालाच्या दिवशी लोकांच्या अकलेवर सगळ्यात मोठे मेसेज टाकले, आणि शेजारी मुंबई उत्तर पश्चिमला जागा ४८ मतांनी गेली, आमचं पार्किंग त्यापेक्षा मोठं आहे.

आता माझं. आमच्या सोसायटीच्या कमिटीची निवडणूक झाली, मी सात वर्षं सेक्रेटरी. ९६ फ्लॅट, ७१ जणांचं मतदान, अकरापैकी नऊ जागा समोरच्या पॅनलला, मी पडलो. नवीन सेक्रेटरी झालाय सी विंगमधला एक आयटीवाला पोरगा, त्याला मिळाली ४७ मतं. आता ९६ मधे ४७ म्हणजे निम्मी पण नाहीत, याला कौल म्हणायचा का ते तुम्हीच सांगा. शिवाय मतपेटी म्हणून वापरला होता वॉचमनच्या केबिनमधला कुरिअरचा खोका, त्याला चिकटपट्टी एकाच बाजूने होती. शिवाय बी विंगला आदल्या रात्री मिसळ होती. मी कोणावर आरोप करत नाही, लोकशाहीत हार-जीत चालायचीच, मी ग्रुपवर पहिला मेसेज टाकला पण, जोडलेले हात दोनदा. फक्त दप्तराच्या कपाटाची चावी माझ्याकडे आहे आणि ती द्यायची तर आधी मिनिट बुकात नीट नोंद व्हायला पाहिजे, आणि मिनिट बुक कपाटात आहे.

आमच्या फ्लॅटचं मत माझं नाही, शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव हिचं आहे. तिने कोणाला दिलं ते मी विचारलं नाही, मतदान गुप्त असतं.

परवा रविवारी सकाळी बेल वाजली, होलमधून बघितलं तर तोच पोरगा, हातात कोरी फाइल. मी हिला खुणेने सांगितलं, सांग अंघोळीला गेलेत, आणि बेडरूमचं दार लोटून घेतलं. आतून सगळं ऐकू येत होतं. "काकू, काका आहेत का? ते दप्तराचं..." ही म्हणाली, "ये ना रे, आत ये." मग देव्हाऱ्याच्या बाजूच्या खिळ्यावरून काहीतरी काढल्याचा खळखळ आवाज आला, आणि ही त्याला विचारत होती, चहात साखर किती.