अ‍ॅप्रनचं सोवळं

सांगली-मिरजेत नंबर लागला, अभिनंदन. एमबीबीएस असो, फिजिओ असो, नर्सिंग असो की बी. फार्म, पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट पक्की करून घ्या: आपल्या खाली कोण? वर कोण आहे ते लोक न विचारता सांगतात, खालचा मात्र आपला आपण शोधावा लागतो. एमबीबीएसवाल्यांना सोपं आहे, बाकी सगळेच. फिजिओवाल्यांनी नर्सिंगकडे बघावं, बीएस्सी नर्सिंगवाल्यांनी डिप्लोमा करणाऱ्या जीएनएमकडे, बी. फार्मवाल्यांनी डिप्लोमाच्याच डी. फार्मकडे. डी. फार्मवाल्यांचं दुकान कुठं टाकायचं हे घरी आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे ते बिचारे सुखी असतात.

आता अडचण अशी, की सगळ्यांचा अ‍ॅप्रन पांढराच. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हातात उतरणाऱ्या नसांचं जाळं, एमबीबीएसलाही पाठ करायचा आणि फिजिओलाही. विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल तर एमबीबीएस, फिजिओ आणि नर्सिंगला पदवीही नाशिकच्या त्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एवढं साम्य धोक्याचं आहे. म्हणून स्टेथोस्कोप गळ्यात घालून कॅन्टीनला जा आणि टेबलं वाटून घ्या. चुकून फिजिओची मुलगी तुमच्या टेबलावर बसली आणि ती तुमच्याच तासगावची निघाली, तर गावाकडची चौकशी करा. अभ्यासाचं बोलू नका.

मिरजेत राहणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावं. सतारमेकर गल्लीत फार रेंगाळू नये. तिथं भोपळ्यावरचं कोरीवकाम एकाचं, पॉलिश दुसऱ्याचं, सूर गुंजवणारी जवारी तिसऱ्याची, आणि तरी तंबोरा एकच वाजतो. 2024 साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. असलं बघून कोवळ्या मनावर वाईट परिणाम होतो.

कधीतरी तुम्हाला ‘एकत्र शिक्षणा’च्या सत्राला बसवतील. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्येच सांगून ठेवलंय, की वेगवेगळ्या आरोग्य व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकावं. घाबरू नका. एकमेकांबद्दलचं शिक्षण आपल्याकडे होस्टेलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालतं, उरलेल्या दोन विषयांना दांडी मारली तरी कोण विचारतंय?

सत्रात केस देतील. समजा, जतचे आजोबा, पॅरालिसिसचा झटका, उजवी बाजू लुळी, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू. एमबीबीएसवाल्याने ताबडतोब उठून मेंदूतली कुठली रक्तवाहिनी ते सांगावं. विचारलेलं नसलं तरी सांगावं. नर्सिंगची मुलगी म्हणू लागेल, ‘सर, आजोबांना चहा पिताना ठसका लागतोय.’ तिला तिथंच थांबवा. अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं आहे, ते चहाच्या कपात बघायची गरज नाही. दात दुखतोय म्हणून कुणी मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक लिहिलं आणि फार्मसीच्या पोराने हात वर केला, तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. वॉरफेरिनबरोबर ते दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, एवढंच तो सांगणार आहे. आणि फिजिओवाले, तुमची पाळी येईपर्यंत नाश्त्याची वेळ होईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वाटलंच तर पुढं नर्सिंगवाल्यांवर काढा.

शेवटी फॉर्म येतो. आंतरव्यावसायिक शिक्षणाची तयारी मोजायची 19 विधानांची एक प्रश्नावली ब्रिटनमध्ये 1999 साली निघाली, ती जगभर फिरते. ‘पूर्ण सहमत’वर सरसकट टिक मारत गेलात की वृत्ती सकारात्मक निघते आणि सरांचं परिषदेत लावायचं पोस्टर होतं. पण जरा जपून. नर्स आणि थेरपिस्ट यांचं काम मुख्यतः डॉक्टरांना मदत करण्याचं, अशा अर्थाचं एक विधान त्यात मध्येच दबा धरून बसलेलं असतं. तिथं ‘असहमत’ लिहायचं. खरं उत्तर कॅन्टीनमध्ये द्यायचं. आणि एकत्र शिकण्याबद्दलचा हा फॉर्म प्रत्येकाने वेगळं बसून, आपापल्या बाकावर भरायचा असतो, हे विसरू नका.

पुढं ऑपरेशन थिएटरला पोस्टिंग लागेल. तिथंही जागतिक आरोग्य संघटनेची, सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीची एक यादी भिंतीवर असते, योगायोगाने तीही 19 मुद्द्यांची. चीर देण्याआधी हजर असलेल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असा त्यातला एक मुद्दा. जगातल्या आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. अभ्यास 2009 साली छापूनही आला. पण तुम्ही ‘सिस्टर’ एवढंच म्हणा. रात्री तीनला कॅज्युअल्टीत इंटर्नला सलाइनसाठी व्हेन सापडत नाही, तेव्हाही तेवढ्याच एका शब्दावर काम भागतं. नाव विचारलं तर उगाच ओळख होते, आणि मग उद्या राऊंडला सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडता येत नाही.

आता कुणी म्हणेल, असं वागलं तर पेशंटचं काय? त्याची सोय आहे. आजोबांचा मुलगा आहे ना! डॉक्टर म्हणतात फिजिओला विचारा, फिजिओ म्हणतो डॉक्टरांनी लिहून द्यायला पाहिजे, सिस्टर म्हणतात गोळ्या मेडिकलवाल्याला दाखवून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन तो सगळ्या मजल्यांवर फिरतो. आठ दिवसांत त्याला वॉरफेरिनची वेळ, नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबमधून किती पाणी सोडायचं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, सगळं येतं. तुमच्या सगळ्या बॅचमध्ये एकमेकांकडून शिकलेला तो एकटाच. सत्राच्या हजेरीपटावर त्याची सही घेऊ नका, नातेवाइकांसाठी रकाना नसतो.