प्लिमथला ‘ओसाड रान’ नव्हतं

परवा आईचा फोन आला. “आम्ही तुझ्याकडे आलो की ते प्लिमथ नको बाई, सगळं खोटं असतं म्हणे तिथे.” हे ‘म्हणे’ तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं. फॉरवर्ड मीही वाचला. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ पॅटक्सेट संग्रहालयात म्हणे जहाज नकली आणि माणसं नट. १६२० साली इंग्रज आले तेव्हा तिथे ओसाड रान होतं, आदिवासींना शेती त्यांनीच शिकवली. आणि तो समाज आता उरलेला नाही, म्हणून त्यांचंही सोंगच दाखवतात.

जहाज मूळचं नाही, खरंय. १६२० साली ते इंग्रज ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आले. तिथलं जहाज तिची प्रतिकृती, ‘मेफ्लॉवर दोन’. ती इंग्लंडमध्ये बांधली आणि १९५७ साली अटलांटिक ओलांडून आणली. संग्रहालय ते लपवत नाही. इंग्रजांचं गावही १६२७ सालासारखं नव्याने उभारलेलं आहे आणि तिथली माणसं त्या काळच्या रहिवाशांच्या भूमिकेत बोलतात, हेही खरं.

पण समाज उरला नाही? तो समाज म्हणजे तिथले मूळनिवासी वाम्पनोआग. त्यांच्या माशपी आणि ॲक्विना या जमातींना आज अमेरिकी सरकारची मान्यता आहे. संग्रहालयात नदीकाठी वाम्पनोआग पद्धतीची वस्तीही उभारली आहे. तिथे काम करणारे मूळनिवासी समाजांतले आहेत. ते भूमिका करत नाहीत, आजची माणसं म्हणूनच बोलतात. मी गेले तेव्हा एकजण निखाऱ्यांनी ओंडका आतून जाळून होडी कोरत होता. कोळसा खरवडता खरवडता तो माझ्याशी बोलत होता, ‘आम्ही’ म्हणत होता.

आता ते ओसाड रान. याचा मला खरा राग आहे. इंग्रज उतरले तेव्हा तिथे कुणी राहत नव्हतं, एवढं मान्य. पण का नव्हतं? तिथे पॅटक्सेट नावाचं वाम्पनोआग लोकांचं नांदतं गाव होतं. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते अख्खं गेलं. त्या गावचा टिस्क्वांटम वाचला, कारण १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. १६१९ साली तो परतला तेव्हा घरचं कुणीच उरलं नव्हतं.

त्यानेच या इंग्रजांना मका लावायला शिकवलं. हे मी सांगत नाही, वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड स्वतः लिहून गेलाय. १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात मेले होते. इंग्लंडहून आणलेला गहू आणि वाटाणा पेरला, तो आला नाही. टिस्क्वांटम म्हणाला, ‘या जुन्या जमिनीत’ मासळी घातल्याशिवाय काही पिकायचं नाही.

ते वाक्य मी आईला फोनवर वाचून दाखवलं. आई गुहागरची, माडाला मासळीचं खत घालताना बघत वाढलेली. क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे कसून कसून थकलेली जमीन होती की ती. ओसाड कुठली?”

तिकिटं काढली आहेत. आधी नदीकाठची वस्ती, मग जहाज.