सा यायच्या आत

पोस्ट मोठी होणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरका, मला राग नाही. माझा राग आज दुसऱ्यांवर आहे.

दुपारी कोथरूडला एकांच्या घरी 'लिसनिंग सेशन'ला गेले होते. नाव सांगत नाही. माणूस वाईट नाही, आणि त्यांच्या बायकोने केलेली कांदाभजी तर पहिल्या दर्जाची होती. नऊ-दहा जण जमले होते, त्यात बाई मी एकटीच. दारातच पहिला प्रश्न, "वहिनी, मिस्टर गाडी लावतायत का?" म्हटलं, मिस्टर घरी घोरतायत, मी रिक्षाने आलेय आणि मला मारवा ऐकायचाय. यावर सगळे हसले. का हसले कोण जाणे.

मारवा राग म्हणजे तोच हो, अमीर खाँसाहेबांनी गायलेला, 1960 च्या एलपीवरचा. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. यजमानांकडे त्याची जुनी, उत्तम अवस्थेतली प्रत आहे आणि यंत्रणा अशी की तिच्या किमतीत आमच्या मिरजेकडे अजूनही एखादी बरी जागा मिळावी. मी अगदी हरखून बसले. सुई टेकली. तंबोरे सुरू झाले. खाँसाहेब आले. रिषभ, धैवत, पुन्हा रिषभ. मारव्याचं तुम्हाला काय सांगायचं, सा दिसत असतो पण तिथे टेकू देत नाही, सूर्य मावळायच्या वेळची ती घालमेल. त्यात यांची लय म्हणजे विलंबितातली विलंबित. चारेक मिनिटं झाली असतील. आता येणार, आता त्या सा-वर येऊन विसावणार, मी श्वास धरून बसलेली...

आणि यजमानांनी सुई उचलली.

"आता हेच या केबलवर ऐका हं."

हेच या केबलवर! हातभर लांबीची केबल, किंमत माझ्या फ्रिजएवढी. ती बदलायला सात मिनिटं. तेवढ्यात भज्यांची दुसरी फेरी, एकजण फिरणाऱ्या तबकडीचा व्हिडिओ काढतोय, एकजण कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसते त्या भागाचा, भाव विचारतोय. पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा चार मिनिटं. पुन्हा सुई वर. असं तीनदा. तीनदा मी त्या सा-च्या दारात उभी राहिले आणि तीनदा दार तोंडावर आपटलं.

मग एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "आता तबला अगदी स्वच्छ डावीकडे गेला बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, रेकॉर्ड मोनो आहे! दोन्ही स्पीकरमधून एकच गोष्ट येतेय. तबला खरंच डावीकडे गेला असेल तर तुमचा उजवा स्पीकर गेलाय, त्याला दाखवून आणा. हे मी मनात म्हटलं. तोंडाने 'हो का' म्हटलं आणि सव्वापाचला रिक्षा पकडली.

आता मुद्द्याचं. घरातली चांगली यंत्रणा ही एकट्याने ऐकायची गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे, आणि माझ्या भिंतीवर येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं तरी तेच असणार. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला की आवाज स्पीकरमधून येईनासा होतो, मधे हवेत उभा राहतो. ती जागा एकाच माणसाची. शेजारच्याला अर्धं मिळतं, पलीकडच्याला पाव, आणि भिंतीला टेकलेल्याला नुसता ढब्ब-ढब्ब खर्ज. म्हणजे दहा जण बोलवायचे आणि नऊ जणांना फसवायचं. माझ्या खोलीत खुर्चीचे चार पाय कुठे यायला हवेत त्याच्या खुणा फरशीवर चिकटपट्टीने केल्यात. मावशी झाडू मारताना खुर्ची सरकवतात, मी परत खुणेवर आणते. आवाज घुमू नये म्हणून फरशीवर सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर आईची गोधडी. मुलगा त्या खोलीला 'आईचं देवघर' म्हणतो. म्हणू दे.

(हो हो, येतेय माझ्या लक्षात. मारवा मोनो आहे, म्हणजे मोनोच्या वेळी माझ्या त्रिकोणाचीही पूजाच. मान्य. पुढे.)

माझी यंत्रणा काही लाखांची नाही. जुना टर्नटेबल, कोलकात्याचा सोनोडाइन अँप्लिफायर, तोही दुसऱ्या हाताचा, आणि दोन बेताचे स्पीकर. पण बाबांकडे होतं त्या मानाने हे राजवैभव. बाबांचं आठवतंय ते सांगतेच, कारण दुपारपासून डोक्यात तेच आहे.

मिरजेत आमचं भाड्याचं दोन खोल्यांचं घर. बाबा शाळेत मास्तर. चौऱ्याऐंशीच्या आसपास त्यांनी सांगलीहून एका पारशी गृहस्थांचा जुना गॅरार्ड टर्नटेबल आणला. घरात त्यावरून महिनाभर बोलणं बंद होतं. रात्री जेवणं झाली की बाबा आतल्या खोलीचं दार लावून घेत आणि एकटे ऐकत बसत. मी दाराबाहेर अभ्यासाचं सोंग करून ऐकायची. एकट्याने ऐकायचं वेड मला तिथूनच लागलं असावं. मारवा मी पहिल्यांदा बंद दाराच्या फटीतूनच ऐकलाय.

गुरुवारी संध्याकाळी मात्र दार उघडं असायचं, कारण गुरुवारी चाचा यायचे. चाचा तंबोरे करायचे. मिरजेत त्याचं कुणाला अप्रूप नाही, गल्लीच्या गल्ल्या तेच करतात, पंढरपूरकडून आलेले भोपळे उन्हात रांगेने मांडलेले असतात. चाचांची नखं कायम लाखेने तांबडी आणि हाताला लाकडाचा भुसा. म्हणून ते आत येत नसत. कितीही म्हणा, उंबऱ्यावरच बसायचे, चौकटीला पाठ लावून. चहा घ्यायचे, पण बशी खाली ठेवतानासुद्धा आवाज होणार नाही असे. रेकॉर्ड संपली की "बरंय मास्तर" म्हणून निघायचे. आठ-दहा गुरुवार हेच. एक अक्षर नाही, वाहवा नाही.

(आज त्या भजीवाल्या बैठकीत तिसऱ्यांदा सुई उठली तेव्हा मला त्या बशीची आठवण झाली.)

परत मुद्द्यावर. मला लगेच कुणीतरी म्हणणार की गाणं मुळातच बैठकीचं, मग तू कुठली एकांताची टिमकी वाजवतेस? पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात 1953 पासून माणसं मांडीला मांडी लावून ऐकतायत ना? ऐकतायत. मीही ऐकलंय, गुडघे धरेपर्यंत. पण तिथे कधी थांबायचं हे गवई ठरवतो. सा-वर कधी यायचं ते तो ठरवतो, तुम्ही हजार असा नाहीतर पाच. इथे सगळी सत्ता यजमानाच्या बोटात. त्याला वाटलं सुई वर, त्याला वाटलं खाली. खाँसाहेबांनी जन्म घालवून जी लय साधली तिला चार मिनिटांनी 'नेक्स्ट'! याला बैठक म्हणायचं? बैठकीत कुणी गवयाचं तोंड दाबून "आता हेच दुसऱ्या सतरंजीवर बसून गा" म्हणत नाही.

मला वाटतं या लोकांना गाणं ऐकायचंच नसतं. यांना यंत्र ऐकायचं असतं. गाणं म्हणजे यंत्रातून ओतायचं पाणी, नळ कसा आहे ते कळायला. रागाने लिहितेय, माहितीये. पण रागाने लिहिलेलं खोटंच असतं असं थोडंच आहे.

जपानमधे म्हणे जॅझ ऐकवणारी कॉफीची दुकानं असतात, कित्येक ठिकाणी बोलायलाच बंदी. पन्नास माणसं असली तरी तिथे ऐकायला मी आनंदाने जाईन. आणि मुंबईत 1990 पासून जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांची सोसायटी आहे, ती माणसंही जमूनच ऐकतात, त्यांच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी मुळात तीन-सव्वातीन मिनिटांची. ती कोण मधे थांबवणार? 1977 मधे आपल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. कधीकधी मला वाटतं की यंत्रणा असावी तर तशी. भोवती मैलोनमैल कुणी नाही, भजी नाही, केबल बदलणारा नाही.

चहा करून आले. थोडी शांत झालेय.

तर चाचा. त्या एका गुरुवारी बाबांनी मारवाच लावला होता. बाजू संपली, सुई शेवटच्या चरीत खट्... खट्... करत फिरत राहिली, बाबा डोळे मिटून बसलेले. आणि चाचा पहिल्यांदा बोलले. "मास्तर, राग मानू नका. तुमचं यंत्र पळतंय."

बाबांना राग आलाच. यंत्र पळतंय म्हणजे? रोज रात्री दार लावून ऐकणाऱ्या माणसाला तुम्ही हे सांगता? चाचा म्हणाले, "पेटी काढा." मला वाटलं भांडण होणार. मी पेटी काढली. चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा उंबरा ओलांडला, हात धोतराला चार वेळा पुसले आणि रेकॉर्ड चालू असताना एक पट्टी दाबली, मग शेजारची. षड्ज, म्हणजे सा, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी अडकलेला. बाबा म्हणाले, "म्हणून काय झालं, गवई काय पेटीला विचारून षड्ज लावतो?" चाचा म्हणाले, "ते खरं. पण आवाजाचं लाकूड पातळ झालंय मास्तर. इतकं पातळ ते नव्हतं."

आवाजाचं लाकूड! चाळीस वर्षं झाली, मला त्यासाठी दुसरा शब्द सापडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून स्ट्रोबची चकती मागून घेऊन आले. कागदाची साधी चकती, कडेने 180 काळ्या रेघा. ती फिरत्या तबकडीवर ठेवायची आणि ट्यूबलाइटखाली बघायची. आपली वीज पन्नास सायकलची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, त्यामुळे वेग मिनिटाला बरोबर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे असेल तर रेघा उभ्या जागी थिजल्यासारख्या दिसतात. आमच्या रेघा मुंग्यांसारख्या पुढे चालल्या होत्या. कारण सापडलं ते बाबांनीच केलेलं. मोटरची लहानशी पुली झिजून चाक घसरायला लागलं होतं, म्हणून त्यांनी तिच्यावर चिकटपट्टीचा एक वेढा दिला होता. सहा मिलिमीटरची पुली, वेढ्याने तिची जाडी केसभर वाढली, आणि तेवढ्याने खाँसाहेब जवळजवळ पाव स्वर वर चढले. कित्येक महिने बाबा दार लावून, एकट्याने, एकाग्र होऊन चढा मारवा ऐकत होते. आणि मी फटीतून.

हे लिहिताना माझ्याच मुद्द्याची हवा निघतेय हे मला दिसतंय. दिसतंय, तरी लिहितेय. एकांतात बाबांना जे ऐकू आलं नाही ते उंबऱ्यावर बसलेल्या माणसाला आलं. ठीक आहे. पण लक्षात घ्या, चाचांनी ते दहा गुरुवार गप्प बसून ऐकलं आणि मग सांगितलं. सुई उचलली नाही. बाजू संपल्यावर बोलले. कोथरूडकरांनो, संपल्यावर!

आणि आणखी एक, आता मनात आलंच आहे तर. आजचे यजमान मला जिन्यापर्यंत पोचवायला आले होते. म्हणाले, "तुम्हाला आवडलं नाही ना? खरं सांगू, एकटा असलो की माझ्याच्याने पूर्ण बाजू ऐकवतच नाही. घर खायला उठतं." मुलं परदेशात आहेत त्यांची. मी काही बोलले नाही. तेव्हा मी रागात होते. आता वाईट वाटतंय, पण थोडंच. सा-च्या आधी सुई उचलायला हे कारण पुरत नाही. एकटं वाटतं तर माणसं बोलवा, जरूर बोलवा, पण मग पूर्ण बाजू लावा ना.

घरी आले ती तडक देवघरात. माझी प्रत खरखरते, मारव्याच्या बाजूला एक ओरखडा आहे, दर फेरीला टिक् होतं. तरी लावली. खुर्ची खुणेवर. दार लावलं, फट राहिली. रिषभ, धैवत, टिक्, रिषभ. आणि आले खाँसाहेब सा-वर, शेवटी एकदाचे. डोळ्यात पाणी वगैरे आलं, ते असू दे.

माझ्या नवऱ्याला गाण्यातलं काही कळत नाही. मारवा आणि मालकंस त्याला दोन्ही 'तुझं ते संथ' वाटतात. आयुष्यात कधी माझ्या खोलीत ऐकायला बसला नाही. बाजू संपली, सुई खट् खट् करायला लागली, मी उठायच्या बेतात होते, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "झालं का गं तुझं?"

जाऊन पाहिलं तर दाणे भाजून, सोलून, लसूण, तिखट, मीठ सगळं मिक्सरच्या भांड्यात भरून, झाकण लावून, बटणाशी हात ठेवून उभा. कधीपासून कोण जाणे. दाणे पार गार झाले होते.

"फिरवू?"

म्हटलं, फिरव.