उंदीर म्हणजे पिल्लं काढायचं मशीन नाही: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

दर पावसाळ्यात तो मेसेज परत फिरायला लागतो. थोडक्यात असा: उंदरांना ऋतू नसतो, नर-मादी एकत्र आले की पिल्लं ठरलेलीच, नाक त्यांना फक्त खाणं हुडकायला लागतं, हे सगळं लॅबमध्ये सिद्ध झालंय आणि एका जोडीचे वर्षात १५,००० होतात. माझ्या भाचीने शाळेच्या प्रोजेक्टमध्ये हेच जसंच्या तसं उतरवलं, तेव्हा मला राहवेना.

"ऋतू नसतो." घरातल्या उंदराला बाराही महिने ऊब आणि खाणं मिळतं म्हणून तो वर्षभर वितो, इतपत खरंय. पण त्याचाच भाऊबंद सीरियन हॅमस्टर घ्या, जो आता आपल्याकडे पेट शॉपमध्येही मिळतो. त्याच्यासाठी रेषा आहे साडेबारा तासांची. दिवस त्याहून लहान झाला की साधारण दोन-अडीच महिन्यांत नराची वृषणं आक्रसून मूळच्या जेमतेम पाचव्या हिश्शावर येतात, शुक्रजंतू बनणं बंद, मादीचंही चक्र थांबतं. हे थंडीमुळे होतं असं वाटेल पण नाही, खोली उबदार ठेवून नुसता दिवा लवकर बंद केला तरी होतं. रात्र जितकी लांब तितका वेळ मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे हार्मोन सोडते आणि मेंदू त्या लांबीवरून ऋतू ओळखतो. १९६५ मध्ये हॉफमन आणि रायटर यांनी ही ग्रंथी काढून टाकली, तर अंधारात ठेवूनही वृषणं आक्रसलीच नाहीत! आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं, की दिवस लहानच ठेवले तरी पाचएक महिन्यांनी वृषणं आपोआप परत वाढायला लागतात, म्हणजे बिळात सूर्य न बघताही वसंत यायच्या आत गडी तयार.

मग हॅमस्टर वर्षभर पिल्लं देताना दिसतो तो कसा? लॅबमध्ये रोज १४ तास दिवा लावतात म्हणून. तिथे कायमचा उन्हाळाच असतो.

"लॅबमध्ये सिद्ध झालंय." यात अर्धं सत्य आहे आणि ते नीट सांगायला हवं. लॅबच्या पांढऱ्या उंदराला, म्हणजे रॅटला, दिवस लहान केला तरी सहसा फरक पडत नाही. आणि लॅबमधल्या बऱ्याचशा छोट्या उंदरांमध्ये, म्हणजे माऊसमध्ये, तर जनुकातल्या बिघाडामुळे मेलाटोनिन जवळजवळ बनतच नाही, मग त्यांच्यावरून रानातल्या उंदराबद्दल काय बोलणार? पण १९८१ मध्ये नेल्सन आणि झुकर यांनी पांढऱ्या उंदरांचे ऑलफॅक्टरी बल्ब काढले. हे बल्ब म्हणजे मेंदूच्या पुढच्या टोकाचे दोन कंद, नाकाकडून येणारा वास आधी तिथे पोचतो. तर हे कंद काढल्यावर तोच उंदीर लहान दिवसाला दाद द्यायला लागला! म्हणजे दिवस ओळखायची यंत्रणा होतीच, दबलेली होती. हॅमस्टरमध्ये मात्र बरोब्बर उलटं दिसलं, बल्ब काढल्यावर लहान दिवसांतही त्याची वृषणं पुरती आक्रसली नाहीत. प्राणी बदलला की परिणाम उलटतो, त्यामुळे सरसकट नियम सांगताच येत नाही. पण वासाचा कंद आणि दिवसाची लांबी यांचा एकमेकांशी संबंध आहे हे दोन्हीकडे दिसतं.

"नाक फक्त खाण्यासाठी." हा मुद्दा तर साफ चूक. १९७० मध्ये मर्फी आणि श्नायडर यांनी नर हॅमस्टरचे दोन्ही बल्ब काढले, तर समोर माजावर आलेली मादी असूनही त्यांनी समागम केला नाही. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये लंडनला हिल्डा ब्रूस यांनी माऊसमध्ये दाखवलं की नुकताच समागम झालेल्या मादीजवळ अनोळखी नर ठेवला की तिचा गर्भ रुजतच नाही आणि ती काही दिवसांत परत माजावर येते. पुढे कळलं की प्रत्यक्ष नरही लागत नाही, त्याच्या मूत्राचा वास असलेलं अंथरूण पुरतं. मादीचे बल्ब काढले की हा प्रकार थांबतो. ती आपल्या नराचा वास लक्षात ठेवते आणि ही आठवण मुख्य बल्बला लागून असलेल्या छोट्या बल्बमध्ये साठते. एका वासावरून शरीर गरोदरपण चालू ठेवायचं की नाही हे ठरवतं, आणि आपण म्हणायचं नाक फक्त खाण्यासाठी?

आपल्या शेतातल्या उंदरांचं थोडं वेगळंय, कारण मुंबईत सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत फरक सव्वादोन तासांचाच. इथे पाऊस आणि पीक जास्त बोलतात, दाणा भरला की विणी वाढते. पण ऋतू आलाच ना त्यात?

राहिला १५,००० चा आकडा. तो गुणाकार आहे, मोजणी नाही. प्रत्येक पिल्लू जगलं, प्रत्येक मादी प्रत्येक वेळी व्यायली आणि गर्दीचा काही परिणाम झाला नाही असं धरलं तरच तो जमतो. गर्दीचा परिणाम होतो हे १९५५ मध्येच व्हॅन डर ली आणि बूट यांनी बघितलं होतं: माऊसच्या चार-चार माद्या नराशिवाय एका पिंजऱ्यात ठेवल्या की चक्र बिघडतं, कित्येकींना खोटी गर्भधारणा होते. मग नराचा वास आला की थांबलेलं चक्र परत सुरू होतं आणि बहुतेक जणी तिसऱ्या रात्री माजावर येतात.