‘वीजबिल कायमचे शून्य’: छतावरील सौर विजेच्या हिशेबात गाळल्या जाणाऱ्या गोष्टी

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली तेव्हापासून एक संदेश थोड्याफार फरकाने सतत फिरत आहे. त्याचा आशय असा : छतावर तीन किलोवॉटचे सोलर बसवा, सरकार दरमहा 300 युनिट वीज मोफत देते, निम्मा खर्चही तेच उचलते, बिल कायमचे शून्य होते, घातलेले पैसे तीन वर्षांत वसूल होतात, उरलेली वीज विकून कमाई होते, भारनियमनाची काळजी मिटते आणि 25 वर्षे देखभालीवर एक रुपयाही लागत नाही, फक्त फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना याचा उपयोग नाही. महाराष्ट्रातील बऱ्याच कुटुंबांना सौर वीज खरोखर परवडते, असेच माझे मत आहे. पण ती कोणत्या कुटुंबाला किती परवडते हा प्रश्न हा संदेश पुसून टाकतो आणि सगळी मेख तिथेच आहे.

‘300 युनिट मोफत’ हे विधान आधी घेऊ. या योजनेत सरकार वीज देत नाही, पॅनेल बसवण्यासाठी अनुदान देते. महाराष्ट्रात एक किलोवॉट क्षमतेचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज निर्माण करते; सावली, धूळ आणि पावसाळा धरून सावधपणे मोजले तर महिन्याला 110 युनिट धरावीत. तीन किलोवॉटची महिन्याला 330 युनिटे होतात; संदेशातील 300 चा आकडा आला तो अशाच गुणाकारातून. वीज तुमच्याच छतावर, तुम्हीच पैसे घातलेल्या पॅनेलांतून येते.

अनुदान निम्मे असते हेही सरसकट खरे नाही. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000 रुपये आणि त्यापुढे काहीही नाही, अशी रचना आहे. म्हणजे तीन किलोवॉट बसवणाऱ्याला 78,000 आणि पाच किलोवॉट बसवणाऱ्यालाही 78,000 रुपयेच मिळतात. तीन किलोवॉटचा बाजारातील खर्च पावणेदोन लाखांच्या आसपास धरला तर हे अनुदान निम्म्याच्या जवळ जाते, पाच किलोवॉटला मात्र ते खूपच कमी पडते. शिवाय ते संच सुरू झाल्यानंतर खात्यात जमा होते, त्यामुळे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते किंवा कर्ज घ्यावे लागते. अनुदानासाठी देशात बनलेल्या सौर सेलची (पॅनेलमधील वीज तयार करणाऱ्या चकत्यांची), म्हणजे डीसीआर प्रकारचीच पॅनेले लागतात आणि ती आयात सेलच्या पॅनेलांपेक्षा महाग असतात. गच्ची वापरात राहावी, उन्हाळ्यात वाळवण घालता यावे म्हणून स्ट्रक्चर डोक्यापेक्षा उंच हवे असेल, तर लोखंडाचा खर्च वेगळा वाढतो आणि कोकण किनाऱ्यासारख्या वादळी पट्ट्यात ते स्ट्रक्चर वाऱ्याचा जोर सोसेल असे बांधणे ही काटकसरीची जागा नव्हे.

आता मुख्य मुद्दा, ‘तीन वर्षांत पैसे वसूल’. हे विधान काही घरांसाठी अगदी खरे आहे, काहींसाठी अपुरे आहे आणि काहींसाठी सपशेल चुकीचे आहे, कारण महाराष्ट्रातील घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणचे 2024-25 चे दर वहन आकारासह (वीज घरापर्यंत पोचवण्याच्या आकारासह), पण इंधन समायोजन आणि वीज शुल्क वगळून पाहिले, तर पहिल्या 100 युनिटांना 5.88 रुपये, 101 ते 300 या टप्प्याला 11.46 रुपये, 301 ते 500 ला 15.72 रुपये आणि 500 च्या वर 17.81 रुपये असा प्रतियुनिट दर होता. सौर वीज बिलातून युनिटे वजा करते आणि ती वरच्या टप्प्यापासून खाली वजा होत जातात. त्यामुळे एकाच छतावरचे पहिले युनिट आणि शेवटचे युनिट यांची किंमत सारखी नसते.

महिन्याला 350 युनिटे वापरणारे कुटुंब घ्या. तीन किलोवॉटची 330 युनिटे वजा झाली की त्यातील 50 युनिटे 15.72 च्या, 200 युनिटे 11.46 च्या आणि 80 युनिटे 5.88 च्या दराने वाचतात. एकूण बचत महिन्याला साडेतीन हजारांच्या थोडी वर, वर्षाला साडेबेचाळीस हजारांच्या आसपास जाते. अनुदान वजा जाता खर्च एक लाखाच्या जवळपास असेल, तर तो अडीच वर्षांत सुटतो. इथे संदेश चुकत नाही, उलट थोडा हातचा राखूनच बोलतो.

आता 90 युनिटे वापरणारे घर पाहू : दोन खोल्या, पंखे, टीव्ही, लहान फ्रिज. या घराची सगळी वीज स्वस्त टप्प्यातच संपते. एक किलोवॉट बसवून सगळी युनिटे वजा झाली तरी वाचतात महिन्याला 529 रुपये. अनुदानानंतरचा खर्च 40,000 रुपये धरला तर वसुलीला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. याच घराने संदेश वाचून तीन किलोवॉट बसवले, तर खर्च लाखाच्या घरात जातो आणि वापरातली बचत तेवढीच, 529 रुपये राहते. 2025 मध्ये राज्य सरकारने दरमहा 100 युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरांसाठी केंद्राच्या अनुदानावर जादा अनुदानाची योजना आणली, तिच्यामागील कारणही हेच गणित आहे : या घरांना केवळ केंद्राच्या अनुदानावर सौर वीज आकर्षक ठरत नाही.

यापेक्षाही बोलके उदाहरण मधल्या घराचे आहे. 200 युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाला पहिला किलोवॉट महिन्याला सुमारे 1,200 रुपये वाचवून देतो, कारण तो महागडी युनिटे कापतो. दुसरा किलोवॉट उरलेली 90 युनिटे 5.88 च्या दराने कापतो आणि जेमतेम 529 रुपये वाचवतो. म्हणजे दुसरा किलोवॉट पहिल्याच्या निम्मेही कमावत नाही. ‘एवीतेवी बसवतोच आहोत तर मोठेच बसवू’ हा विक्रेत्याचा सल्ला म्हणूनच तपासून घ्यावा. निर्णय घेण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवून टप्पेवार आकडेमोड केली पाहिजे आणि ती करून न देणाऱ्या विक्रेत्याकडून दरपत्रक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘दर वाढतच जाणार, म्हणून बचतही वाढतच जाणार’ हे पुढचे गृहीतकही डोळे झाकून धरण्यासारखे नाही. जून 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पहिल्या वर्षी 10 टक्के आणि पाच वर्षांत 26 टक्के दरकपात होणार असल्याचे जाहीर केले. ती पूर्णपणे पदरात पडेल की नाही हा वेगळा वाद. पण दर वर्षी पाच-सात टक्के वाढ धरून 25 वर्षांचा लाखोंचा नफा दाखवणारी कोष्टके कागदावरच राहू शकतात.

‘उरलेली वीज विकून कमाई’ या कलमात तर निव्वळ दिशाभूल आहे. नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, गेलेली युनिटे तुमच्या खात्यावर जमा राहतात आणि रात्रीच्या किंवा पुढच्या महिन्यांच्या वापरातून वजा होतात; ही सोय मोलाची आहे. पण आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, तेव्हा शिल्लक युनिटांचा हिशेब राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या खरेदीदराने होतो आणि तो दर आपण महागड्या टप्प्यात मोजत असलेल्या दराच्या जवळपासही नसतो. त्यातही काळ नेमका उलटा पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाश निरभ्र असते, पॅनेले अजून फार तापलेली नसतात, निर्मिती उत्तम होते आणि घरातील वापर बेताचा असतो. म्हणजे शिल्लक भरपूर साठते आणि तेव्हाच खाते बंद होऊन एप्रिलचा उकाडा शून्य शिलकीने सुरू होतो. त्यामुळे संच वार्षिक वापराहून किंचित लहान ठेवणे शहाणपणाचे आहे.

बिल शून्य होत नाही ते का, हे थोडक्यात सांगता येते. वापर पूर्ण वजा झाला तरी बिलातील स्थिर आकार, जो वापरावर अवलंबून नसतो, भरावाच लागतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये निर्मिती बरीच खाली येते. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर अधिकच. ‘जितके ऊन कडक तितकी वीज जास्त’ हा समजही अर्धाच खरा आहे, कारण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. तापमान एका अंशाने वाढले की सर्वसाधारण पॅनेलची क्षमता तीन ते चार दशांश टक्क्यांनी घटते, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तापलेले पॅनेल अपेक्षेपेक्षा कमी देते.

भारनियमनाचे विधान सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक घरातील जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी काढून टाकतात. अनुदानित योजनेत सहसा बसवले जातात ते ग्रिडशी जोडलेले, बॅटरी नसलेले संच. ग्रिडची वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारे यंत्र) आपोआप बंद पडतो, भर दुपारी बारा वाजतासुद्धा. हा दोष नाही, ती सुरक्षेची अट आहे : खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या तारेत तुमच्या छतावरून वीज जाता कामा नये. वीज गेल्यावरही घर चालायला हवे असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च वाढतो आणि वर काढलेला अडीच वर्षांचा हिशेब बदलतो. ज्या गावात दिवसा तासन् तास वीज जाते, तिथे साध्या संचाची त्या वेळची निर्मितीही वाया जाते, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

देखभालीबद्दल एवढेच, की पॅनेलांची कार्यक्षमतेची हमी 25 वर्षांची असते, इन्व्हर्टरची नसते. तो मध्ये किमान एकदा बदलावा लागेल असे धरून पैसे बाजूला ठेवावेत. बांधकामाच्या धुळीत आणि कबुतरांच्या वस्तीत पॅनेले वरचेवर धुवावी लागतात, ती सकाळी, काच तापण्यापूर्वी. आणि बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास क्षारांचा पांढरा थर बसतो, तो धुळीपेक्षा चिवट असतो. योजनेत पहिली पाच वर्षे देखभाल पुरवठादाराकडे असते. ती करारात लिहून घ्यावी.

राहिले फ्लॅटवाले. त्यांना वैयक्तिक संच बसवणे अवघड जाते, कारण गच्ची सोसायटीची असते. पण सोसायटीच्या सामायिक मीटरला, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांना हीच योजना किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान देते. हे मीटर बहुधा 500 युनिटांच्या वरच्या, सर्वांत महागड्या टप्प्यात असते. महिन्याला 1,000 युनिटे वापरणाऱ्या सोसायटीने पाच किलोवॉट बसवले आणि 550 युनिटे वजा झाली, तर 2024-25 च्या दराने महिन्याला साडेनऊ हजारांहून अधिक रुपये वाचतात. अनुदानानंतरचा खर्च एक लाख 85 हजारांच्या आसपास धरला तर तो दोन वर्षांच्या आत सुटतो. संदेशाने ज्यांना वगळले त्यांचाच परतावा या साऱ्या हिशेबात सर्वांत जलद निघतो, आणि त्यासाठी लागतो तो सर्वसाधारण सभेचा एक ठराव.