पेशंटबरोबर कोण आहे?

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन मिरजेत झालं. सोमवारी सोनोग्राफी, मंगळवारी भूलतज्ज्ञांची तपासणी, बुधवारी सकाळी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, शुक्रवारी घरी. मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून मंगळवारी रात्री पोचलो. माझा स्वतःचा गुडघा तेव्हा इथल्या ऑपरेशनच्या प्रतीक्षायादीत अकराव्या महिन्यात होता. घरच्या ग्रुपवर आतेभावाने लगेच टाकलं, "बघ, तुमच्या गोऱ्यांना वर्ष लागतं, आपल्याकडे पाच दिवसांत काम फत्ते." मिरजकरांचा हा अभिमान जुनाच. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून निम्मा उत्तर कर्नाटक उपचाराला मिरजेत उतरतो.

उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. इंग्लंडमधला नियम असा, की जीपीने, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरने, चिठ्ठी दिल्यापासून १८ आठवड्यांच्या आत ९२ टक्के पेशंटांचे उपचार सुरू झाले पाहिजेत. २०१६ नंतर हे जमलेलं नाही. वाट पाहणाऱ्यांची यादी गेली काही वर्षं सत्तर लाखांच्या पुढेच आहे. अपघात विभागात चार तासांच्या आत ९५ टक्के लोकांना तपासून घरी सोडायचं किंवा वॉर्डात हलवायचं, तेही २०१५ नंतर जमलेलं नाही.

पण पोचल्यापासून तीन दिवस मी दादाच्या मागे मागे फिरलो. नर्सबाई तासातासाला दाराशी येऊन हाक मारायच्या, "पेशंटबरोबर कोण आहे?" मग दादा उठायचा. रक्ताची बाटली रस्त्यापलीकडच्या लॅबमध्ये पोचवायची. चिठ्ठी घेऊन तळमजल्यावरच्या मेडिकलमधून इंजेक्शनं आणायची, त्यातली दोन उरली की परत करायला पुन्हा रांगेत. अनामत भरायची, सह्या करायच्या, मेडिक्लेमच्या खिडकीवर आधार कार्डाची झेरॉक्स तिसऱ्यांदा द्यायची. रात्री कॉटशेजारी सतरंजी. वहिनी सकाळी सातला आणि दुपारी एकला डबा घेऊन हजर. शुक्रवारी दहा वाजता डॉक्टर म्हणाले, "घेऊन जा आजोबांना." बाहेर पडलो तेव्हा पाच वाजले होते, कारण विमा कंपनीची मंजुरी येत नव्हती. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. खिडकीवरच्या मुलाला मी तो सांगितला. तो नुसता हसला.

दादाचं रंगाचं दुकान आहे. रंग कधी विकला जातो हे वेगळं सांगायला नको. दिवाळीआधीच्या त्या आठवड्यात शटर पाच दिवस खाली होतं. बिलात हातमोजे होते, कापूस होता, 'विविध' नावाचा एक खर्चही होता. दादा कुठे नव्हता.

इथे कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारच्या ८४ वर्षांच्या आजी घरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं, एक पैसा न घेता. नवव्या दिवशी डॉक्टरांनी घरी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. आजी घरी आल्या त्यानंतर तीन आठवड्यांनी. उठवायला, आंघोळीला, जेवायला घालायला दिवसातून चार वेळा बाई येणार, तिची सोय नगरपालिका करणार, आणि बाई मिळत नव्हती. मुलगा-सून आहेत, पण एडिनबरात. इंग्लंडमध्ये कुठल्याही दिवशी असे दहा हजारांहून जास्त लोक बरे होऊन कॉटवर पडलेले असतात. वरच्या वॉर्डात कॉट रिकामी नाही म्हणून खाली अपघात विभागातला पेशंट स्ट्रेचरवर, तो स्ट्रेचरवर म्हणून बाहेर ॲम्ब्युलन्स उभी. शल्यचिकित्सक, थिएटर, यंत्रं सगळं जागेवर असतं, आणि गाडं अडतं ते आजींना चहा कोण करून देणार या मुद्द्यावर.

आमच्या मिरजेच्या पाच दिवसांचं रहस्य मला तेव्हा उलगडलं. निम्मं इस्पितळ दादा-वहिनी चालवत होते.

महाराष्ट्रात सध्या वाद चालतो तो दराचा. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात गर्भवतीच्या घरच्यांकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या गरिबांसाठीच्या दहा टक्के मोफत खाटांची चर्चा पेटली. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आता पाच लाखांचं कवच आहे; पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि बिलं थकतात, ही खासगी रुग्णालयांची तक्रार. दोन्ही वाद खरे आहेत. पण मोफत खाट मिळाली तरी तहसीलचा दाखला, रेशनकार्ड, योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल हे सगळं कुणीतरी पायांनी करायचं असतं. शेतमजूर आजारी पडला की दोन हजेऱ्या बुडतात, एक त्याची आणि एक बरोबर आलेल्याची. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. चांगलीच गोष्ट आहे. दादाचं शटर मात्र त्या हिशेबात धरत नाहीत.

नातेवाईकांना बाहेर काढा असं मी म्हणत नाही. बाबांनी वहिनीच्या हातची पेज सोडून काही खाल्लं नसतं. पण रक्ताची बाटली पोचवणं हे मुलाचं काम नाही, वॉर्डबॉयचं आहे. त्याचा पगार बिलात चढला तर चढू दे, निदान आकडा दिसेल. आणि डॉक्टर 'जा' म्हणाल्यापासून पेशंट फाटकाबाहेर पडेपर्यंत किती तास गेले, हे प्रत्येक रुग्णालयाने दर महिन्याला फळ्यावर लिहावं. इंग्लंडची रांग लांब आहे हे आतेभावाला कळलं कुठून? इथलं सरकार दर महिन्याला ते आकडे स्वतःच छापतं, म्हणून. सांगली-मिरजेचा तसा आकडा मला तरी कधी पेपरात दिसलेला नाही.

माझ्या गुडघ्याची तारीख चौदाव्या महिन्यात आली. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. आदल्या आठवड्यात इस्पितळातून एका बाईंचा फोन आला. वजन, ॲलर्जी, औषधं सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, भूल दिल्यावर तुम्हाला एकटं सोडता येत नाही. न्यायला कोण येणार आणि पहिले २४ तास घरी तुमच्याबरोबर कोण असेल? तसं कुणी नसेल तर ऑपरेशन रद्द करावं लागेल.

बायकोने दोन दिवस बिनपगारी रजा टाकली.