गुळाचं बिल आणि इतर जोडपत्रं

जुन्या वाड्याच्या मालकाला दोन पत्रं येतात. पहिलं मे महिन्यात, महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली: आपली इमारत धोकादायक झाली आहे, ताबडतोब दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या, काही बरंवाईट घडल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली. दुसरं वारसा विभागाचं: आपली वास्तू यादीत समाविष्ट आहे, पूर्वपरवानगीशिवाय तिच्यात कोणताही फेरफार करू नये. दोन्ही पत्रांवर शिक्का त्याच पालिकेचा. मालक ती घेऊन माझ्याकडे येतो आणि विचारतो, "आता मी नेमकं करू काय? पाडू, की बघत बसू?"

"अर्ज करा," मी म्हणतो. वारसा वास्तूंच्या दुरुस्ती-अनुदानाच्या फायली तयार करून देणं हा माझा धंदा असल्यामुळे माझं उत्तर फारसं निःपक्षपाती नसतं.

अनुदानाची सोय कायद्यात नाही असं कुणी म्हणू नये. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, देशातली पहिली. तिच्यात दुरुस्ती निधीचं कलम आहे. यादीतल्या इमारतींना आर्थिक मदत म्हणून वेगळा निधी उभारता येईल, तो आयुक्तांच्या हाती राहील, वारसा समितीच्या सल्ल्याने त्याचं वाटप होईल आणि त्यासाठी जिल्हा नियोजनाच्या अंदाजपत्रकातून तरतूद करता येईल. हे कलम मोठ्याने वाचून दाखवलं की मालकाचा ऊर भरून येतो. मग तो विचारतो, "निधीत शिल्लक किती?" एवढी एकच गोष्ट कलमात लिहिलेली नाही.

रोख नसेल तर टीडीआर घ्या, असं सुचवलं जातं. म्हणजे यादीत नाव असल्यामुळे तुम्हाला जेवढं बांधता येत नाही, तेवढ्या क्षेत्राचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि ते बिल्डरला विकायचं. भोवती ऐसपैस बाग असलेल्या बंगल्याला हे फार फायद्याचं. पेठेतल्या वाड्याला बाग कुठली? तो रस्त्याच्या कडेपासून मागच्या गल्लीपर्यंत आधीच पसरलेला. समजा भूखंड ४०० चौरस मीटरचा, चटई क्षेत्र दीड पट, म्हणजे ६०० मंजूर. बांधलेलं ५२० निघालं, तर हाती उरले ८०. त्यात भावकी आठ जणांची असली तर माणशी दहा चौरस मीटर हवा.

श्रेणीचा प्रकार तर आणखी मजेशीर. पहिली श्रेणी राष्ट्रीय महत्त्वाची, तिथे आतून-बाहेरून हात लावायचा नाही. दुसरी प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाची, आत थोडं सैल, बाहेर कडक तपासणी. तिसरी परिसराच्या शोभेपुरती, तिथे आतबाहेर बदल चालतात. तेव्हा आपल्या वाड्याला खालची श्रेणी मिळावी म्हणून वशिला लावणारे लोक मी रोज बघतो. मुलाला तिसरा वर्ग मिळावा म्हणून नवस बोलणाऱ्या बापासारखे. आणि वाडा शनिवारवाड्याच्या १०० मीटरांच्या आत असेल, तर श्रेणी बाजूलाच राहिली. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार तिथे नवं बांधकाम बंद आणि जुन्याच्या दुरुस्तीलाही वेगळं ना हरकत. तो अर्ज वेगळ्या फायलीत, वेगळ्या नकाशासह, वेगळ्या साहेबांकडे.

फाईल उघडते ती मालमत्ता पत्रकाने. पत्रकावर आजोबांचं नाव असतं, आजोबा जाऊन साठ वर्षं झालेली असतात आणि अनुदान मात्र पत्रकावर नाव असणाऱ्यालाच मिळतं. म्हणजे आधी वारस नोंद. वारसांपैकी दोघे कोथरूडला, एक इंदूरला आणि एक सॅन होजेला. सॅन होजेवाल्याचं संमतीपत्र तिकडे नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी दाखला) होऊन यावं लागतं. कोथरूडची संमती यायला त्याहून जास्त वेळ लागतो, कारण ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. माझा सल्ला असा की भाऊबंदकी मिटवायच्या नादी लागू नका. एकाच्या नावे फक्त दुरुस्तीपुरतं कुलमुखत्यारपत्र घ्या आणि त्यात 'विक्रीचा अधिकार नाही' हे वाक्य ठळक टाका. ते वाचलं की सह्या पटापट होतात. भाडेकरूंचंही संमतीपत्र जोडा. भाडं अठ्ठावीस रुपये का असेना, त्यांच्या खोलीतून टेकू लावायचा असतो.

आता वेळापत्रक. बारकाव्यांत थोडाफार फरक असेल, पण चाल सगळीकडे सारखीच. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. अर्ज मागवेपर्यंत पावसाळा येतो. पावसाळ्यात पाहणी करता येत नाही, कारण वाडा गळत असतो. पाहणी दिवाळीनंतर. समितीची बैठक जानेवारीत, कोरम झाला तर. मंजुरीचं पत्र फेब्रुवारीच्या शेवटी, आणि त्यात बारीक अक्षरात: रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्ची पडावी, अन्यथा व्यपगत होईल. शिवाय मंजुरीआधी सुरू केलेलं काम अनुदानास पात्र नाही.

चुना मात्र असलं वेळापत्रक जुमानत नाही. कळीचा चुना आणायचा, पाण्यात विरवायचा, चाळायचा आणि निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. आतला एखादा खडा न विरता राहिला तर तो भिंतीत गेल्यावर फुगतो आणि गिलाव्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडतो. मग चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, सम प्रमाणात चुन्याच्या घाणीत दळायची. वरून गुळाचं पाणी, भिजवलेलं बेलफळ, हिरडा. भिंत आदल्या दिवशी भिजवायची, गिलाव्याचा थर दहा-बारा मिलिमीटरहून जाड घ्यायचा नाही आणि वर ओली गोणपाटं लावून दोन आठवडे तरी सावलीत राखायचं. हे सगळं ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उत्तम जमतं. एप्रिलच्या उन्हात गिलावा दुपारपर्यंत वाळतो आणि संध्याकाळी तडकतो. मंजुरी मात्र येते नेमकी शिमग्याच्या सुमाराला. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, चुना दसऱ्यालाच विरवून ठेवा. साहित्य खरेदी म्हणजे काम सुरू करणं नव्हे, असा अर्थ लावता येतो. हौदातला मुरलेला चुना खराब होत नाही, उलट सुधारतो. आपल्याकडे वेळ गेल्याने सुधारणारी गोष्ट ही एवढीच.

खरा रंग भरतो तो अंदाजपत्रकात. ते सरकारी दरसूचीवर बेतायला हवं. सिमेंटच्या गिलाव्याचा दर दरसूचीत पैशापर्यंत दिलेला असतो. घाणीच्या चुन्याचा दर एक तर नसतोच, किंवा असला तर त्या दरात मिस्त्री चहासुद्धा पिणार नाही. दर नसला की दरपृथक्करण करायचं: किती चुना, किती सुरखी, घाणीचे किती तास, मजुरी किती, सगळं सुटं मांडून तीन दरपत्रकं जोडायची. इथे गुळाचा प्रश्न उभा राहतो.

"हा गूळ कशाला?" लेखा विभाग विचारतो.

"चुन्यात घालायला, भाऊसाहेब."

"बांधकाम साहित्यात गूळ बसत नाही. किराणा होतो."

गूळ काढून टाकू म्हटलं तर चुन्याची घट्ट धरण्याची ताकद जाते. ठेवला तर बिल जीएसटी क्रमांकासह हवं आणि मार्केट यार्डातला आडत्या बिलावर 'वारसा संवर्धनार्थ' असं लिहून द्यायला तयार नसतो. यावर तोड अशी: गूळ, बेल, हिरडा वेगळे दाखवायचेच नाहीत. 'पारंपरिक पद्धतीचा तयार चुना मसाला, घाणीसह' अशी एकच बाब धरायची आणि घाणीवाल्याकडून एकत्र बिल घ्यायचं. काही वर्षांपूर्वी या उपायाला लबाडी म्हणत असत, आता नमुना म्हणतात.

हे सगळं टाळून सरळ सिमेंट का मारू नये, असं विचारणारे असतात. पेठेतला वाडा खाली दगडी जोत्यावर, वर सागवानी सांगाडा आणि मध्ये विटा नाहीतर पांढऱ्या मातीचे भेंडे असा उभा असतो. जोत्यातून ओल वर चढते आणि चुन्यातून बाहेर निघून जाते. त्यावर सिमेंट थापलं की ओलीची वाट बंद होते. मग ती वर सरकते, लोणा (भिंतीतला क्षार) फुटतो आणि भिंतीत गाडलेली तुळयांची टोकं कुजू लागतात. बाहेरून भिंत टकाटक, आतून तुळई भुसकट. कंत्राटदार हमी भिंतीची देतो, तुळईची नाही.

तुळई कुजायचं दुसरं आणि जास्त खरं कारण म्हणजे मोरी. माडीवरची मोरी, आणि त्याहूनही नंतर काढलेला संडास. वाडा कुठे खचला आहे ते शोधायला मला नकाशा लागत नाही, मी फक्त वर मोऱ्या कुठे आहेत ते विचारतो. मोरीखालच्या तुळईचं भिंतीजवळचं टोक हातोडीने ठोकायचं. खणखणीत वाजलं तर देव पावला, बद्द वाजलं तर पेचकस घ्यायचा. तो अर्धा इंच शिरून थांबला तर वरवरची कीड आहे. मुठीपर्यंत गेला तर खालच्या भाडेकरूला आधी दुसऱ्या खोलीत हलवा, अर्ज नंतर. ही ठोकाठोक अंदाजपत्रक करायच्या आधी झाली पाहिजे. कडीपाट उघडल्यावर अंदाजापेक्षा तीन तुळया जास्त कुजलेल्या निघतातच, आणि वाढीव कामाची सुधारित मंजुरी म्हणजे तीच वारी पुन्हा आळंदीपासून. आकस्मिक खर्च म्हणून १० ते १५ टक्के आधीच धरून ठेवा.

अख्खी तुळई बदलायची गरज नसते. खाली लोखंडी टेकू घ्यायचे, कुजलेलं टोक निरोगी लाकडापर्यंत कापायचं आणि तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट लांबीचा तिरपा सांधा करून जुन्या सागाचा तुकडा बोल्टांनी जोडायचा. भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती इंचभर हवा सोडायची, मसाल्याने बुजवायचं नाही. मिस्त्री हे बरोबर करतो. गोंधळ मापात होतो. बारा फूट लांब, दहा इंच बाय आठ इंच तुळई म्हणजे मिस्त्रीच्या लेखी ६.६७ घनफूट. अभियंत्याच्या वहीत तीच ०.१८९ घनमीटर. लाकूडवाला घनफुटाचा भाव सांगतो, दरसूची घनमीटरचा. ३५.३१ ने गुणायचं की भागायचं यात एखादा शून्य इकडेतिकडे झाला की एका तुळईच्या किमतीत गोठा बांधून निघतो. वाळू ब्रासात येते, ती १०० घनफुटांची. गिलावाही ब्रासात मोजतात, तो १०० चौरस फुटांचा. छाननी लिपिकाने दोन्ही ब्रास एका रकान्यात बेरजेला धरलेली फाईल जपून ठेवण्यासारखी असते.

जुना साग मिळतो तो पाडलेल्या वाड्यांचा, पुण्यात भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात बघा. दुसऱ्या कुणाचा वाडा पडल्याशिवाय आपला उभा राहत नाही. नवा सागही चालतो, पण तो पुरता सुकलेला हवा, नाहीतर वर्षभरात सांधा तोंड उघडतो.

आपल्याकडेच असं आहे असं वाटून कुणी विलायतेकडे डोळे लावू नयेत. इंग्लंडात यादीतल्या घराची दुरुस्ती केली तर बिलावर २० टक्के व्हॅट, आणि रिकाम्या जागेवर नवं कोरं घर बांधलं तर शून्य. सरकारी डोकं हा सुद्धा जागतिक वारसाच म्हणायचा.

काम सुरू झालं की मोजमाप पुस्तिका. पैसे आधी तुम्ही घालायचे, पालिका नंतर हप्त्याने देणार, आणि देणार ते पुस्तिकेत चढलेल्या कामाचेच. दुरुस्तीतलं निम्मं काम झाकलं जातं. सांध्यावर कडीपाट बसला, भिंतीवर गिलावा चढला की दाखवायला काही उरत नाही. म्हणून प्रत्येक खांबाला खडूने नंबर टाका आणि नकाशावरही तोच नंबर लिहा. प्रत्येक बाबीचे तीन फोटो काढा: आधी, करताना, नंतर. फोटोत टेप दिसली पाहिजे, नंबर दिसला पाहिजे आणि मिस्त्रीचं डोकं दिसता कामा नये. कनिष्ठ अभियंता येईपर्यंत कडीपाट ठोकू देऊ नका. तो येत नसेल तर मिस्त्रीला दुसऱ्या चौकात पाठवा, पण झाकू नका.

पैसा कमी पडला, आणि पडतोच, तर आधी छप्पर. कौलं शाकारून घ्या, पन्हळी मोकळ्या करा, भिंतीतला पिंपळ मुळासकट मारा. नुसता छाटला तर तो दुप्पट जोमाने येतो. महिरपी, केळफुलं आणि सुरूदार खांबांचं पॉलिश सगळ्यात शेवटी. समितीला पाहणीत सुरूदार खांब आवडतात, पाऊस मात्र कौलांतून येतो. अनुदान खांबांसाठी मागा आणि घरचे पैसे कौलांवर घाला. कौलं तातडीची दुरुस्ती म्हणून २६४ च्या नोटिशीचा आधार घेऊन आधी करता येतात. त्या पत्राचा एवढा तरी उपयोग व्हावा. मात्र वारसा विभागाला त्या दिवशीच लेखी कळवा आणि पोच घ्या.

शेवटचा हप्ता अडतो तो फलकावर. 'सदर काम अमुक निधीतून, अमुक यांच्या प्रयत्नाने' असा फलक दर्शनी भागावर लावल्याचा फोटो जोडल्याशिवाय अंतिम देयक निघत नाही. आणि यादीतल्या वास्तूच्या दर्शनी भागावर फलक लावायचा तर वारसा समितीची परवानगी लागते. त्यासाठी दर्शनी उंची दाखवणारा नकाशा, फलकाचं माप, रंग आणि भिंतीला किती भोकं पडणार याचा तपशील द्यायचा. बैठक पुढल्या महिन्यात, कोरम झाला तर. माझे मालक फलक दगडी जोत्यापासून दोन फूट पुढे, दोन सुट्या पाइपांवर उभा करतात, भिंतीला कुठेही न टेकता, आणि फोटो असा समोरून काढतात की तो दिंडी दरवाजावरच लावलाय असं वाटावं. पाइप दीड इंची घ्या. एक इंचीचे वाऱ्याने वाकतात.